चुकीची किंमत कोण मोजतो?

अतिरेकी समजून पोलिसांनी एखाद्याला गोळी घातली आणि मागाहून तो अतिरेकी नव्हता असे निघाले, की सरकारी गोटातून एक ठरीव खुलासा येतो : ‘परिस्थितीच तशी होती; चूक झाली असेल, पण हेतू वाईट नव्हता.’ सुखवस्तू वाचकाचे तेवढ्यावर समाधान होते, कारण गोळी त्याच्या वस्तीत सुटलेली नसते. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. त्या शास्त्राने मला एक साधा प्रश्न विचारायची सवय लावली : एखादा निर्णय चुकला तर त्याची किंमत कोण मोजतो? यंत्रमागाच्या मालकाचा अंदाज चुकला आणि तोटा मालकालाच बसला, तर पुढच्या खेपेस तो जपून वागतो. तोच तोटा कामगाराची मजुरी कापून भरून काढता आला, तर तो तसाच अंदाज पुन्हा करतो. पोलिसांच्या बंदुकीला हा नियम लागू होत नाही असे मानण्याचे कोणतेही कारण नाही. निरपराधाचा जीव घेणाऱ्या चुका पुन्हा पुन्हा का घडतात, याचे उत्तर मला पोलिसांच्या स्वभावापेक्षा या हिशेबात अधिक सापडते.

मी भिवंडीत राहतो. बाहेरच्या माणसाला या गावाचे नाव सांगितले की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते आम्ही भिवंडीकर चांगले ओळखतो. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेला कामगार येथे बारा-बारा तासांच्या पाळीत माग चालवतो, भिशीत जेवतो, आणि मागांच्या खडखडाटात कानाने बहिरा होऊन गावी परततो, हे त्या माणसाला ठाऊक नसते. ‘संवेदनशील’ हा पोलीस खात्याचा शब्द मात्र त्याला ठाऊक असतो. गावावर असा शिक्का एकदा बसला, की तेथील प्रत्येक माणूस आधी संशयित आणि मग नागरिक ठरतो.

हा शिक्का कसा बसला त्याची नोंद सरकारच्याच दप्तरी आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने येथे दंगल पेटली, तेव्हा मी शाळेत होतो. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. भिवंडी शहरात मेलेल्यांपैकी ५९ मुसलमान आणि १७ हिंदू होते. दखलपात्र गुन्ह्यांसाठी पकडलेल्यांत मात्र मुसलमान ९०१ आणि हिंदू २१! ज्या समाजाची माणसे अधिक मेली, त्याच समाजाची माणसे गुन्हेगार म्हणून कितीतरी पटींनी अधिक पकडली गेली. तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकाच्या पक्षपातावर आयोगाने कठोर ताशेरे ओढले. अहवाल मात्र कपाटात गेला. चुकीची किंमत चूक करणाऱ्यांनी मोजली नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. आणि चौदा वर्षांनी, १९८४ च्या मे महिन्यात, भिवंडी पुन्हा पेटली.

संशयाच्या या सवयीला ‘अतिरेकी’ हा शब्द मिळाला म्हणजे काय होते, ते मुंबईत ९ जानेवारी १९९३ रोजी दिसले. शहरात दंगल चालू होती. महंमद अली रोडवरील सुलेमान उस्मान बेकरीच्या गच्चीवरून गोळीबार होत असल्याची वर्दी पोलिसांनी दिली. काश्मिरी अतिरेकी अत्याधुनिक शस्त्रे घेऊन मुंबईत शिरले आहेत, अशी अफवा त्या दिवसांत उठलेली होती. तत्कालीन सहपोलीस आयुक्त रामदेव त्यागी यांच्या नेतृत्वाखाली विशेष पथक तेथे पोहोचले, दार फोडून आत शिरले, आणि बेकरी व लगतचा मदरसा येथील किमान आठ माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाली. आत अतिरेकी नव्हते. बेकरीत काम करणारी आणि मदरशात राहणारी माणसे होती. आतून स्वयंचलित शस्त्रांचा मारा झाला असे सांगणाऱ्या पथकातील एकाही पोलिसाला गोळीची जखम झाली नव्हती. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने सारा पुरावा तपासून पोलिसांची कहाणी विश्वसनीय नसल्याचा निष्कर्ष काढला. अतिरेक्यांविषयीच्या अफवांचा पोलिसांच्या मनावर पगडा होता आणि आधीच बनवलेल्या मताने ते आत शिरले, असेही आयोगाने नोंदवले.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. अफवा बाजारातही होती. पानाच्या टपरीवर अफवा सांगणाऱ्याच्या हातात बंदूक नसते, पोलिसाच्या हाती असते. म्हणून तर कायद्याने त्याच्यावर सामान्य नागरिकापेक्षा अधिक काटेकोर बंधने घातली. अटक करताना आरोपीने विरोध केला तर आवश्यक तेवढेच बळ वापरावे, आणि ज्याच्यावर मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घेण्याचा अधिकार या तरतुदीने मिळत नाही, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४६ वे कलम सांगत होते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तीच तरतूद ४३ व्या कलमात आहे. म्हणजे कायद्यात उणीव नव्हती. उणीव होती ती कायदा मोडल्यावर काय होते, त्यात.

मग पुढे काय झाले? श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. शिवसेना-भाजप सरकारने तो एकतर्फी म्हणून फेटाळला. त्या सरकारकडून वेगळी अपेक्षाही नव्हती. अहवालाची अंमलबजावणी करू असे सांगत १९९९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार आले. २००१ मध्ये या प्रकरणी त्यागी यांच्यासह १८ पोलिसांवर गुन्हा दाखल झाला. मधल्या काळात त्यागी मुंबईचे पोलीस आयुक्त होऊन निवृत्तही झाले होते. एप्रिल २००३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना व इतर आठ जणांना, पुरेसा पुरावा नाही म्हणून, खटल्यापूर्वीच दोषमुक्त केले. त्या आदेशाविरुद्ध अपील करणे हे सरकारचे काम होते. धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या सरकारने ते केले नाही. त्या घटनेतून वाचलेल्या एका सामान्य माणसाने स्वतःच्या बळावर उच्च न्यायालय गाठले, तेथे २००९ मध्ये हार पत्करून सर्वोच्च न्यायालय गाठले आणि ४ जुलै २०११ रोजी तेथेही तो हरला. उरलेल्या पोलिसांवरचा खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. न्यायालयांनी समोर आलेल्या पुराव्यावर निर्णय दिला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न असा आहे की, पुरावा गोळा करण्याचे काम ज्या खात्याकडे होते त्याच खात्याची माणसे आरोपी असताना, आणि तेही आठ वर्षांनंतर, कोणत्या प्रतीचा पुरावा न्यायालयापुढे येणार होता?

पोलिसांच्या चुकीला या देशात कधीच शिक्षा होत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ३१ मार्च १९९७ रोजी दिल्लीच्या भर कॅनॉट प्लेसमध्ये एक मोटार अडवून पोलिसांनी गोळ्यांचा वर्षाव केला. आत एक फरारी गुंड आहे असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात मोटारीत हरियाणातून आलेले व्यापारी होते; त्यांतील दोघे मेले. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, सहायक पोलीस आयुक्तासह दहा पोलिसांना जन्मठेप झाली, आणि मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बेकरीच्या प्रकरणातील निकालाच्या दोनच महिने आधी! दोन्ही प्रकरणांचा पुरावा वेगळा होता हे मान्य. पण पुरावा वेगळा का झाला? एकीकडे राजधानीचा रस्ता, दिवसाढवळ्याचे साक्षीदार, गप्प न बसणारे व्यापारी घराणे आणि स्वतंत्र तपासयंत्रणा होती. दुसरीकडे बंद दाराआडची बेकरी, परमुलखातून पोटासाठी आलेली पोरे आणि आठ वर्षे झोपलेले सरकार. न्यायाच्या दारात माणसाचा धर्म आणि वर्ग त्याच्या आधी पोहोचतो, हे समजायला याहून स्पष्ट उदाहरण नको.

इंग्रजांच्या पोलिसांचे आपल्याकडे फार कौतुक असते. २२ जुलै २००५ रोजी लंडनच्या स्टॉकवेल स्थानकात जाँ शार्ल दी मेनेझेस या ब्राझिलच्या तरुणाला आत्मघातकी अतिरेकी समजून पोलिसांनी आगगाडीच्या डब्यात डोक्यात सात गोळ्या घालून मारले. तो वायरमन होता, कामावर निघाला होता. आम्ही इशारा दिला होता, असे पोलिसांनी सांगितले. २००८ मध्ये मृत्यूच्या चौकशीतील ज्युरीने ते मानले नाही. एकाही पोलिसाला व्यक्तिशः शिक्षा झाली नाही. तरीही तेथे एक गोष्ट घडली. जनतेच्या सुरक्षिततेत हयगय केल्याबद्दल २००७ मध्ये खुद्द लंडनचे पोलीस दल न्यायालयात दोषी ठरले आणि त्याला पावणेदोन लाख पौंडांचा दंड झाला. दंड किरकोळ असेल, पण अशी चूक चाप ओढणाऱ्या एकट्या बोटाची नसून हुकूम, पाळत आणि निरोप यांच्या साऱ्या साखळीची असते, हे न्यायालयाने त्यातून मान्य केले. आपल्याकडे अशा साखळीला कोणी हात लावीत नाही.

उलट तिला कायद्याचे कवच आहे. आमच्या शेजारच्या मुंब्र्यात राहणारी इशरत जहाँ ही १९ वर्षांची विद्यार्थिनी १५ जून २००४ रोजी अहमदाबादजवळ आणखी तिघांसह पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. ते अतिरेकी होते असे गुजरात पोलिसांनी जाहीर केले, आणि तिच्याविषयी आजही वाद घातला जातो. परंतु ती चकमक खरी नव्हती, असा निष्कर्ष २००९ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी, २०११ मध्ये उच्च न्यायालयाने नेमलेल्या विशेष तपास पथकाने आणि २०१३ च्या आरोपपत्रात केंद्रीय अन्वेषण विभागाने काढला. इतके होऊनही अधिकाऱ्यांवर खटला चालवायला राज्य सरकारने परवानगी नाकारली. २०१९ मध्ये काही अधिकारी सुटले, २०२१ मध्ये उरलेले तिघेही. सरकारी कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीवाचून खटला नको, ही तरतूद जुन्या संहितेच्या १९७ व्या कलमात होती, नव्या संहितेच्या २१८ व्या कलमात ती कायम आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच मालकाने खटल्याला परवानगी द्यायची! गिरणीतल्या अपघाताची फिर्याद करायला गिरणीमालकाची चिठ्ठी आणा, असे कामगाराला कोणी सांगितले, तर आपण ते ऐकून घेऊ काय?

या युक्तिवादावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्या सहानुभूतीदारांच्या मनातही असतो : ‘अतिरेकी खरेच आहेत, पोलिसांनी हातात कायद्याचे पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे काय?’ अतिरेकी खरे आहेत, हे भिवंडीकराला कोणी शिकवायला नको. याच तालुक्यातील पडघ्याजवळच्या बोरिवली गावी डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने छापे घातले, त्या मोहिमेत १५ जणांना अटक झाली. त्यांचा निवाडा न्यायालय करील. पण त्यांना पकडायला गोळी लागली नाही, याचीही नोंद घेऊ या. आणि नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्री गिरगाव चौपाटीवर जे घडले ते कोण विसरेल? सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती फक्त लाठी होती. त्यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी छातीशी धरून ठेवली, स्वतः मरण पत्करले आणि खरा, रंगेहाथ सापडलेला अतिरेकी जिवंत पकडून दिला. त्याच्यावर खटला चालला, त्याला वकील मिळाला, अपील झाले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये तो फासावर गेला. त्याच खटल्यात कटात सामील म्हणून उभे केलेले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या दोघांना कुठल्याशा नाक्यावर ‘चकमकीत’ मारले असते, तर पेढे वाटले गेले असते आणि सत्य कधीच बाहेर आले नसते.

न्यायालयेही चुकतात. सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या नऊ मुसलमान तरुणांवरील आरोप २०१६ मध्ये रद्द झाले. जुलै २००६ च्या लोकल स्फोटांतील सर्व १२ आरोपींना उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवले. त्यांतले पाच फाशीच्या कोठडीत होते आणि त्यांपैकी एक निकालापूर्वीच तुरुंगात वारला होता. या निकालाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. एकोणीस वर्षांनी मिळालेल्या न्यायाला न्याय म्हणावे की नाही, हा वेगळा प्रश्न. पण निदान जे जिवंत होते ते घरी गेले. ज्या यंत्रणेचा संशय इतक्या वेळा न्यायालयात टिकत नाही, तिच्या संशयावर जागच्या जागी मृत्युदंड देण्याचा अधिकार सोपवणे हे शहाणपण कोणत्या हिशेबात बसते?

मग उपाय काय? तो शोधायला लंडनला जायची गरज नाही. तो भिवंडीतच एकदा करून पाहिला गेला आहे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून येथे आले. त्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान रहिवासी आणि त्या भागातला पोलीस यांना एका सतरंजीवर बसवले. नळाचे पाणी, गटार, घरभाडे, नवराबायकोचे भांडण, असल्या क्षुल्लक गोष्टींवर तेथे बोलणी होत. क्षुल्लक वाटणाऱ्या या बैठकांनी एक मोठे काम केले : शिपायाला माणसे नावाने ठाऊक झाली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना दंगलींचे गाव म्हणून बदनाम झालेली भिवंडी शांत राहिली. खोपडे यांच्या पुस्तकाचे नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे आहे. या प्रश्नाचे माझे उत्तर असे : ज्या बेकरीत शिपाई रोज पाव घ्यायला जातो, तिच्या गच्चीवर काश्मिरी अतिरेकी आहेत ही अफवा त्याला पटणे कठीण असते. माहितीची जागा ओळखीने भरली, की संशयाला शिरायला फट राहत नाही. त्याच जानेवारीत, पन्नास किलोमीटरच्याही आत, एकाच राज्याचे पोलीस दोन रीतींनी वागले, आणि दोन्हींची फळे आपल्यासमोर आहेत.

ही ओळख तुटल्यावर काय होते, तेही भिवंडीनेच पाहिले. कब्रस्तानालगतच्या वादग्रस्त जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून ५ जुलै २००६ रोजी कोटरगेट भागात जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. त्या रात्री जमावाने दोन शिपायांना क्रूरपणे ठार केले. मी या चारही मृत्यूंचा शोक एकाच मनाने करतो. ते दोन शिपाई कोणाचे शत्रू नव्हते. कोरडवाहू शेतीतून पोटासाठी भरती होणारी जी असंख्य पोरे खात्यात आहेत, त्यांच्यासारखेच तेही होते. वरच्यांनी हटवाद करायचा आणि खालच्यांनी एकमेकांच्या हातून मरायचे, ही त्या दिवसाची खरी गोष्ट आहे. पोलिसांच्या गोळीबाराचा निषेध करणाऱ्या कार्यकर्त्याने शिपायाच्या खुनाबद्दल मौन पाळले, तर त्याच्या निषेधाला कवडीचेही मोल उरत नाही.

आपल्या चळवळीने या प्रश्नावर एके काळी स्वतःचेच घर जाळून घेतले होते. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजासमाजवादी पक्षाचे सरकार असताना पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. डॉ. लोहिया त्या वेळी नैनीच्या तुरुंगात होते आणि पक्षाचे सरचिटणीस होते. त्यांनी तुरुंगातून तार करून आपल्याच पक्षाच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा आणि न्यायालयीन चौकशी मागितली. पक्ष फुटला, पण तत्त्व शिल्लक राहिले. जयप्रकाशांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये स्थापन झालेल्या नागरी स्वातंत्र्याच्या संघटनेने, म्हणजे पीयूसीएलने, मुंबईतील १९९५ ते १९९७ मधील ९९ चकमकींचा, त्यांत मेलेल्या सुमारे १३५ माणसांचा प्रश्न न्यायालयात नेला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून मार्गदर्शक नियम मिळवले : प्रत्येक चकमकीचा गुन्हा नोंदवावा, तपास दुसऱ्या ठाण्याने वा गुन्हे अन्वेषण विभागाने करावा, दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हावी, आणि चकमकीपाठोपाठ बढती वा शौर्यपदक देऊ नये. हा वारसा सांगणाऱ्या आपल्यातले कितीजण आज एखाद्या चकमकीची बातमी ऐकून पहिला प्रश्न ‘गुन्हा नोंदला काय?’ असा विचारतात? ‘बरे झाले, एक घाण गेली,’ असे पुटपुटणारे मी आपल्याच बैठकांत पाहिले आहेत.

म्हणून मागण्या ठामपणे मांडू या. २०१४ चे नियम प्रत्येक चकमकीत पाळले जातात की नाही, याचा हिशेब सरकारने दर अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवावा. पोलिसांच्या गोळीने झालेल्या मृत्यूपुरती तरी खटल्याच्या मंजुरीची अट काढून टाकावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार नेमायच्या पोलीस तक्रार प्राधिकरणाला स्वतःचे तपासी कर्मचारी द्यावेत. पोलिसांविरुद्धचा तपास पोलिसांकडेच, ही पद्धत बंद व्हावी. निरपराधाच्या कुटुंबाला भरपाई मिळावी आणि हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकात त्याची नोंद व्हावी. मोहल्ला समित्या एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता त्यांना कायद्याचा आधार द्यावा.

आणि सरकार हे करीपर्यंत आपण काय करायचे? भिवंडीपुरते सांगतो. प्रत्येक पेठेत, प्रत्येक भिशीत आपला एक तरी कार्यकर्ता असा असावा, ज्याला तेथील कामगार आणि त्या भागाचा शिपाई दोघेही ओळखतात. वस्तीतून कोणाला उचलले, तर तासाभरात ठाण्यावर जाऊन ‘कोठे नेले, कोणत्या कलमाखाली नेले’ हे विचारणारा माणूस हवा. काम कंटाळवाणे आहे, वर्तमानपत्रात नाव येत नाही. पण चूक करणाऱ्याला तिची किंमत मोजायला लावण्याची सुरुवात, कोणीतरी विचारणारा आहे हे त्याला कळण्यापासूनच होते. बेकरीतल्या त्या पोरांसाठी ९ जानेवारीला विचारणारे कोणी तेथे नव्हते.